मेंदू आणि नसांच्या तक्रारी : इंदूरच्या ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगरची मराठी मंडळी येतात, तशी देवास, धार, महूहूनही येतात. खुर्चीवर बसायच्या आधी बहुतेक जण एमआरआयची भली मोठी पिशवी टेबलावर ठेवतात. ती मी नंतर उघडतो. आधी मला विचारायचं असतं : त्रास केव्हा सुरू झाला, पूर्ण वाढायला किती वेळ लागला आणि आता तो तसाच आहे, वाढतोय की येऊन-जाऊन आहे? सेकंदा-मिनिटांत आलेला त्रास बहुधा रक्तवाहिनीचा किंवा मेंदूतल्या विद्युत लहरींचा असतो. तासा-दिवसांत वाढणारा त्रास सूज किंवा संसर्गाकडे बोट दाखवतो. महिनोन्महिने हळूहळू वाढणारा झिजेचा असतो, क्वचित गाठीचा. निम्मं निदान इथंच होतं. पिशवीतले फोटो उरलेल्या निम्म्यासाठी.

हे प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमची गोळी त्यावरून स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.

हाताला मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो. लकव्याची सुरुवात तर नाही ना?

हा प्रश्न रोज येतो. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. लकवा अचानक येतो आणि सहसा शरीराच्या एका बाजूला येतो. महिनाभर रोज रात्री येणाऱ्या मुंग्या म्हणजे लकवा नव्हे.

मग काय? रात्री दोन-तीनला जाग येते, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर असतात आणि हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर मनगटातून जाणारी मीडियन नस दबलेली असते. याला कार्पल टनेल म्हणतात. कणीक मळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांना, थायरॉइड किंवा मधुमेह असलेल्यांना आणि गरोदरपणात हा त्रास जास्त. बरेच जण मानेचा पट्टा लावून येतात, दोष मात्र मनगटात असतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट महिना-दीड महिना लावला तरी पुष्कळांना फरक पडतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बसायला लागला असेल तर मात्र वेळ घालवू नये, छोटी शस्त्रक्रिया करून नस मोकळी करतात.

मुंग्या दोन्ही पायांच्या तळव्यांतून सुरू होऊन मोज्यासारख्या वर चढत असतील तर पहिला संशय मधुमेहावर आणि दुसरा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर. आपल्याकडची शाकाहारी घरं, त्यात वर्षानुवर्षं चालू असलेली मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची रोजची गोळी : या तिघांनी मिळून बी-१२ खाली आणलेलं मी सारखं पाहतो. दूध-दही घेणाऱ्यांना थोडं बी-१२ मिळतं, पण चहात घातलेलं दूध मोजू नका. कमतरता फार दिवस राहिली तर त्रास नसांवर थांबत नाही, मज्जारज्जूपर्यंत पोचतो. बेसिनवर डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, अंधारात चालताना पाय कुठे पडतोय ते कळत नाही. ही लक्षणं असतील तर आधी इंजेक्शनं लागतात, आणि ती लवकर लागतात. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसा मात्र बिघडत राहतात.

उलट बाजूही सांगतो. ‘नसांच्या ताकदीची’ म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत बी-६ भरपूर असतं. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच नसा खराब होतात. मुंग्यांवर घेतलेल्या गोळीनं मुंग्या वाढलेले रुग्ण असतात.

लकवा आलाय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

चेहरा, हात, बोलणं, घड्याळ. दात दाखवायला सांगा, ओठ एका बाजूला ओढला जातो का पाहा. दोन्ही हात समोर धरायला लावा, एक खाली घसरतो का पाहा. एखादं साधं वाक्य म्हणायला सांगा. यातलं एकही बिघडलं तर घड्याळ पाहा आणि १०८ लावा किंवा गाडी काढा. अचानक एका डोळ्यानं किंवा दोन्ही डोळ्यांच्या एका बाजूनं दिसेनासं होणं, अचानक एकाचे दोन दिसणं, उभंच राहता न येणं, हेही त्यातच येतं.

घड्याळ अशासाठी, की मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी बाहेर काढता येते. ते सहा तासांत उत्तम, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. पण ‘वेळ आहे’ असा याचा अर्थ घेऊ नका. लकव्याच्या मोठ्या झटक्यात उपचाराविना दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशेब आहे. वेळ मोजायची ती माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. सकाळी उठल्यावर लकवा दिसला तर झोपायला गेले ती वेळ सांगा. अशांतल्या काहींना विशेष स्कॅन पाहून उपचार देता येतो, तेव्हा ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नका.

जवळच्या दवाखान्यात जाऊ नका, सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही चोवीस तास मिळतं अशा रुग्णालयात जा. ते आपल्या भागात कुठलं, हे आज शांतपणे विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीच्या गर्दीतून गाडी काढताना हा शोध घ्यायचा नसतो.

आणि वाटेत काय करायचं नाही : पाणी पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. ॲस्पिरिन देऊ नका, कारण झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे सीटीशिवाय मलाही सांगता येत नाही. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. त्या वेळी मेंदू त्या वाढलेल्या दाबावरच तगून असतो.

बाबांचं बोलणं अडखळलं, उजवा हात लुळा पडला, पण पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत. आता दाखवायलाच हवं का?

आजच. उद्या नाही. हा टळलेला झटका असतो आणि खरा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सगळ्यांत जास्त असतो. घरातले म्हणतात, ‘ॲसिडिटी झाली असेल.’ ॲसिडिटीनं हात लुळा पडत नाही.

आमच्याकडे लकव्यासाठी भादवामातेला नेतात. नेऊ का?

नीमचजवळच्या भादवामातेचं स्थान माळव्यात मोठं आहे, आणि मी कोणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही. पण इंदूरहून ती वाटच चार-पाच तासांची आहे, म्हणजे इंजेक्शनची सगळी मुदत रस्त्यातच संपते. आधी सीटी, आधी उपचार. प्रकृती स्थिर झाली, गिळता यायला लागलं, बीपी ताब्यात आलं की खुशाल दर्शन घेऊन या; गोळ्या मात्र सोबत ठेवा आणि तिथं गेल्यावर थांबवू नका.

कबुतराच्या रक्तानं मालीश करण्याबद्दलही अजून विचारतात. त्यानं कबूतर मरतं, एवढंच. हाता-पायाची ताकद फिजिओथेरपीनं येते. सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, तेव्हा हे दिवस तेल शोधण्यात घालवू नका.

थंड हवा लागली आणि तोंड वाकडं झालं. हा लकवाच ना?

कपाळ पाहा. भुवया वर करायला सांगा. वाकड्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडतच नाहीत, डोळा मिटत नाही, पण हातपाय, बोलण्यातले शब्द, चालणं सगळं ठीक आहे, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजलेली आहे, बेल्स पाल्सी. कपाळावर आठ्या नीट पडतात आणि फक्त ओठ वाकडा आहे, तर मेंदूतला झटका समजून धावा. मात्र ही परीक्षा पूर्ण खात्रीची नाही. शंका असली तर रुग्णालयच गाठायचं.

बेल्समध्ये स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू केल्या तर फायदा जास्त. मधुमेह असेल तर तसं सांगा, साखर वाढते. बहुसंख्य लोक काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरे होतात. खरी काळजी डोळ्याची घ्यायची : दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणी टेप लावून बंद. डोळा कोरडा पडून बुबुळावर जखम झाली तर तोंड सरळ होईल, नजर गेलेली असेल. कानात दुखतंय किंवा कानावर पुरळ आलंय, तर तेही दाखवा. नागिणीचा विषाणू असू शकतो.

अर्धं डोकं दुखतं, उलटी झाली की बरं वाटतं. सायनस आहे की ट्यूमर?

बहुधा दोन्ही नाही. हे मायग्रेनचं वर्णन आहे. उजेड नकोसा, आवाज नकोसा, अंधाऱ्या खोलीत पडावंसं वाटतं, चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतं. नाक चोंदतं किंवा डोळ्यांतून पाणी येतं म्हणून त्याला सायनस म्हणतात आणि वर्षानुवर्षं वाफ घेतात.

माझ्याकडच्या मायग्रेनच्या वह्यांत तीच कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. निर्जळी उपवास आणि नंतर एकदम साबुदाण्याची खिचडी. एप्रिल-मेच्या दुपारी स्कूटरवरून डोळ्यांवर काही न घालता केलेली फेरी. सराफ्यात मध्यरात्री गराडू-जिलेबी खाऊन दोनला झोप आणि सहाला मुलांचा डबा. पाळीच्या आधीचे दोन दिवस. प्रत्येकीचं कारण वेगळं असतं, म्हणून वही ठेवा. उपवास करू नका असं मी म्हणत नाही. पाणी प्या, फळं-दूध वेळेवर घ्या. सासूबाईंना डॉक्टरांनी सांगितलंय असं सांगा, माझी हरकत नाही.

महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस दुखत असेल तर दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात. ती दोन-तीन महिने धीरानं घ्यावी लागतात. आठवड्यात सोडून ‘फरक नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. डोळ्यांपुढे नागमोडी चमक येऊन मग डोकं दुखत असेल तर इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना सांगा, लकव्याच्या झटक्याचा धोका वाढतो.

ट्यूमरची भीती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात नुसती जुनी डोकेदुखी, तपासणीत दुसरं काही नाही, यामागे ट्यूमर क्वचितच निघतो. मला काळजी वाटते ती या डोकेदुख्यांची : मिनिटभरात कळस गाठणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी, ताप आणि मान आखडणं सोबत असलेली, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, त्यात चावताना जबडा दुखत असेल तर जास्तच, खोकताना, वाकताना वाढणारी, आणि म्हाताऱ्या माणसाला पडल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी सुरू झालेली. शेवटच्या प्रकारात घरच्यांना ते पडणं आठवतही नाही. विशेषतः रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मुद्दाम आठवा.

मेडिकलमधून गोळी आणतो, लगेच बरं वाटतं. रोज घेतली तर चालेल?

नाही, आणि त्याच गोळीनं डोकं दुखायला लागतं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, मिश्र गोळी किंवा मायग्रेनची ट्रिप्टान गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीचा परिणाम उतरला की डोकं दुखतं आणि मग पुन्हा गोळी. पर्समध्ये पट्टी असल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही, ही याची खूण. सोडताना पहिले काही दिवस वाईट जातात, म्हणून एकट्यानं करू नका.

कूस बदलली की घर फिरतं. मानेचा एक्स-रे काढू?

नको. कुशीवर वळताना, उशीवरून उठताना, वरच्या फडताळातला डबा काढताना काही सेकंद सगळं गरगरतं आणि थांबतं, ही कानाच्या आतली गडबड आहे. तिथले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते कण परत जागी आणता येतात, एप्ले नावाची ती पद्धत आहे. टेबलावर पाच-दहा मिनिटांचं काम. अनेकांना एका खेपेत आराम पडतो. पन्नाशीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज जवळजवळ सगळ्यांच्या दिसते, म्हणून चक्कर तिच्या माथी मारली जाते.

इथं मला एक तक्रार करायचीच आहे. चक्करेच्या गोळ्या, म्हणजे प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन आणि त्यांची भावंडं, दोन-चार दिवसांसाठी असतात. त्या जुन्या चिठ्ठीवर महिनोन्महिने, कधी वर्षभर घेतल्या जातात आणि मग आजींची चाल मंदावते, हात थरथरतो, चेहरा कोरा होतो. घरचे पार्किन्सन झाला म्हणून घेऊन येतात. गोळी बंद केल्यावर बहुतेकींमध्ये हळूहळू सुधारणा होते, पण त्याला महिने लागतात. घरातल्या ज्येष्ठांच्या डब्यात आज एकदा डोकावा.

चक्करेसोबत बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं किंवा आधाराशिवाय एक पाऊलही टाकता न येणं असेल तर ते कानाचं नाही. वर लिहिलेलं लकव्याचं सगळं लागू.

मिरगीचा झटका आला तर चप्पल हुंगवायची, कांदा लावायचा, की हातात लोखंड द्यायचं?

यातलं काहीही नाही. झटका एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला मिळतं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, चष्मा काढा, कॉलर सैल करा. दातखीळ उघडायला चमचा घालू नका, दात तुटून श्वासनलिकेत जातो. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर चालला, एकामागून दुसरा आला, किंवा पाण्यात आला तर रुग्णालय. ज्यांना असे लांब झटके येतात त्यांच्या घरी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे ठेवता येतो. डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्या.

आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. लाज बाळगू नका. तो वीस सेकंदांचा व्हिडिओ मला ईईजीपेक्षा (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखापेक्षा) जास्त सांगतो. उभ्या उभ्या घाम येऊन, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडलेल्या माणसाचेही हातपाय दोन-चार वेळा उडतात, ती साधी मूर्च्छा असते. तिच्यावर मिरगीच्या गोळ्या चालू असलेले लोक भेटतात.

अनंत चतुर्दशीच्या झाक्यांनंतरचा (रात्रभर चालणाऱ्या चित्ररथांच्या मिरवणुकीनंतरचा) दिवस आमच्या ओपीडीत ओळखता येतो. रात्रभर जागरण आणि गडबडीत चुकलेली गोळी, झटक्याला एवढं पुरतं. झाक्या बघा, पण गोळी खिशात ठेवा आणि आदल्या दुपारी झोप काढा.

मुलीला मिरगी आहे. लग्न, मूल, नोकरी… आणि सासरी सांगायचं का?

सुमारे ७० टक्के लोकांचे झटके योग्य औषधानं थांबतात. पुष्कळांची औषधं दोन वर्षं झटक्याविना गेल्यावर विचारपूर्वक, हळूहळू बंदही करता येतात. मुलं होतात, आणि बहुतेक निरोगी होतात. एक गोष्ट आधी बघायची : व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला धोकादायक आहे, म्हणून लग्न ठरायच्याही आधी ते बदलता येतं का हे विचारा, आणि फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करा. दिवस राहिल्यावर घाबरून गोळी एकदम बंद करणं हे सर्वांत वाईट.

सांगावं, असं माझं मत आहे. लपवलेली गोळी चुकते, चुकलेल्या गोळीनं झटका येतो, आणि मग सगळंच कळतं, तेही सर्वांत वाईट पद्धतीनं. कायद्याची भीती जुनी आहे : हिंदू विवाह कायद्यातला मिरगीचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकला. गाडी चालवणं, विहिरीत किंवा तलावात एकट्यानं पोहणं, उंचावरचं काम, हे झटके पूर्ण ताब्यात येईपर्यंत नाही.

आम्ही शुद्ध शाकाहारी, तरी डोक्यात किडा कसा? पत्तागोबीमुळे?

पत्तागोबीचा, म्हणजे कोबीचा, दोष नाही, तिच्यावर चिकटलेल्या अंड्यांचा आहे. ज्या माणसाच्या आतड्यात डुकराच्या मांसातून आलेला फीतकृमी आहे, त्याच्या विष्ठेतून ही अंडी बाहेर पडतात. सांडपाण्यावर पिकवलेल्या भाजीतून किंवा न धुतलेल्या हातांतून ती कोणाच्याही पोटात जातात. मेंदूत पोचलेल्या अळीभोवती सूज येते आणि झटका येतो. म्हणून कच्चं खायचं ते वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांचे हात साबणानं धुतले जाऊ द्या.

मेंदूत गाठ दिसली म्हणून हबकू नका. यातल्या बऱ्याच गाठी बऱ्या होतात, एखादी खडूच्या ठिपक्यासारखी उरते. क्षयाची गाठही अशीच दिसते, त्यामुळे फरक करणं डॉक्टरांवर सोडा. जंताची गोळी मनानं घेऊ नका. बऱ्याच अळ्या एकदम मेल्या तर मेंदूला सूज येते, म्हणून ती स्टेरॉइडच्या संरक्षणात देतात आणि काहींना देतच नाहीत.

आईचा हात थरथरतो. पार्किन्सन का?

केव्हा थरथरतो ते बघा. चहाचा कप उचलताना, सही करताना, देवापुढे निरांजन लावताना थरथरतो आणि मामालाही तसंच होतं, तर तो बहुधा इसेन्शियल ट्रेमर. त्रासदायक, पण लकव्याशी किंवा पार्किन्सनशी नातं नाही. त्याला प्रोप्रॅनोलॉल चालतं, दमा असेल तर नाही. टीव्ही बघताना मांडीवर ठेवलेला हात थरथरतो आणि उचलला की थांबतो, तो पार्किन्सनसारखा. त्याबरोबर मंदपणा असायलाच हवा : चालताना एक हात हलत नाही, अक्षर बारीक होत जातं, ब्लाउजचे हूक लावायला वेळ लागतो. वास न येणं आणि बद्धकोष्ठ कित्येकांत आधीची काही वर्षं असतात, फोडणीचा वास येत नाही हे मात्र कोणी डॉक्टरांना सांगत नाही.

पार्किन्सनवरची लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्या. डाळ-पनीर आणि लोहाची गोळी यांच्यासोबत घेतली तर तिचं शोषण कमी होतं. खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतो हे खरं, पण चूर्ण आणि गोळी दोन्ही घेऊन मात्रा दुप्पट करणारे आहेत. निदान मला सांगा तरी.

बाबा विसरायला लागलेत. वय झालं म्हणायचं का?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयाचं. तीस वर्षं ज्या राजवाड्यावरून घरी आले तिथून वाट न सापडणं, वीजबिल तीनदा भरणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा, हे तपासण्यासारखं. थायरॉइड, बी-१२, सोडियम, नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या, यातलं काही निघालं तर सुधारणा होऊ शकते, म्हणून रक्ततपासणी आणि एक स्कॅन करतोच. विसरणं, चालणं अडखळणं आणि लघवीवर ताबा नसणं, असं तिन्ही एकत्र असेल तर मेंदूतलं पाणी वाढलेलं असू शकतं, त्याला शस्त्रक्रियेचा मार्ग आहे.

दोन दिवसांत एकाएकी भ्रम झाला, माणसं ओळखत नाहीत, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. लघवीचा संसर्ग, उतरलेलं सोडियम किंवा नवी गोळी शोधा, तेही लगेच.

सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आता आयुष्मान कार्ड मिळतं. दाखल करावं लागेल त्या दिवशी पळापळ करण्यापेक्षा ते आधीच काढून ठेवा.

एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ आणि ‘नस दबली’ लिहिलंय. ऑपरेशन?

काहीही दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासलेल्या एका मोठ्या आढाव्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये बल्ज (मणक्यांमधल्या चकतीचा फुगवटा) दिसला होता. रिपोर्टवरचा शब्द आणि तुमचं दुखणं यांचा मेळ बसतो का, हे तपासूनच कळतं. बहुतेकांचं पाय दुखणं दीड-तीन महिन्यांत कमी होतं. अपवाद : पंजा उचलता येत नाही, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली. हे त्याच दिवशीचं काम. मान-कंबर कडाकडा मोडणाऱ्या पहिलवानाकडे मात्र कुठल्याच अवस्थेत जाऊ नका.

पुण्याच्या भाच्याला झाला तो जीबीएस इथे होतो का?

होतो, सगळीकडे होतो. जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, शरीराच्या प्रतिकारशक्तीनं स्वतःच्याच नसांवर केलेला हल्ला. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात एकदम बरेच रुग्ण आढळले म्हणून नाव घरोघरी गेलं. जुलाब किंवा सर्दी-तापानंतर एक-दोन आठवड्यांत पायांपासून कमजोरी सुरू होते आणि दिवसागणिक वर चढते. काल जिना चढला, आज खुर्चीतून उठता येत नाही, अशी चाल असेल तर टॉनिक न देता दाखल करा. श्वासाचे स्नायू कधी अडकतील सांगता येत नाही. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं, यांपैकी कुठलंही एक लवकर केलं तर उपयोगी. बहुतेक लोक पुन्हा चालतात, वेळ मात्र लागतो.

तीन दात काढले, तरी गालात वीज चमकल्यासारखं दुखतं.

उरलेले दात वाचवा. ब्रश, वाऱ्याची झुळूक, पहिला घास यांनी क्षणभर कळ येत असेल तर ती ट्रायजेमिनल नस आहे. कार्बामाझेपिननं बहुतेकांना आराम पडतो. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी फोन करा.

डोळ्याची पापणी फडफडते.

झोपा. चहा कमी करा. जाईल.

ईईजी नॉर्मल आहे, मग गोळ्या का? आणि एमआरआयचे किरण किती घातक?

ईईजी त्या अर्ध्या तासाचा असतो. झटका तेव्हा आला नाही तर नॉर्मल येऊ शकतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच, ते सीटीत असतात. पेसमेकर, जुनी क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण मात्र आधी सांगा. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही. झोपेचं औषध देता येतं.

अवंतिका एक्स्प्रेसनं मुंबईला मुलीकडे महिनाभर जातोय. गोळ्यांचं काय?

महिन्याच्या नाही, दीड महिन्याच्या न्या. सगळ्या एका बॅगेत नको, अर्ध्या पर्समध्ये. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नाही, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या, म्हणजे तिथल्या दुकानात तेच मिळेल. संध्याकाळच्या गाडीत रात्रीची गोळी चुकते; जेवणाचा डबा उघडलात की घ्या. खालचा बर्थ मागा, आणि मिरगी असेल तर सोबतच्या माणसाला झटक्याचा व्हिडिओ एकदा दाखवून ठेवा.